खडकाला मागचा दिवा नव्हता

एक रान होतं. रानात झाडं होती, झाडांवर पाखरं होती, आणि पाखरांच्या बरोबर खाली उभं राहू नये एवढी अक्कल सगळ्या जनावरांना होती. तेवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं. पण शेजारच्या रानात सरकार आहे असं कळलं आणि यांनाही सरकार हवंसं वाटू लागलं.

सिंह कुणी उरला नव्हता, म्हणून निवडणूक घ्यावी लागली. एका अस्वलाने अर्ज भरला. अर्जात त्याने आपलं नाव भल्लूकसिंह असं लिहिलं, त्यामुळे सिंहाचीही सोय झाली. त्याच्या विरोधात एक ससा उभा होता. तिसऱ्या दिवशी सशाची तब्येत बिघडली, चौथ्या दिवशी ती सुधारली, आणि पाचव्या दिवशी तो अस्वलाच्या सभेत पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवताना दिसला. भल्लूकसिंह महाराज बिनविरोध निवडून आले.

महाराजांना मोहाची फुलं आवडत. ती झाडाखाली पडून दोन दिवस आंबली की जास्त आवडत. एकदा तिन्हीसांजेला महाराज अशाच एका मोहाच्या झाडाचा पाहणी दौरा आटोपून गुहेकडे परतत होते. पाहणी सखोल झाली होती. डोहाकडे जाणाऱ्या वाटेवर एक काळा खडक होता, त्यावर महाराज आपटले आणि त्यांचं नाक भोपळ्याएवढं सुजलं.

प्रधान होता कोल्हा. त्याने लगेच चौकशी केली. अपघाताची तीन कारणं असू शकतात, असं त्याने अहवालात लिहिलं. पहिलं कारण लिहिता येण्यासारखं नव्हतं. दुसरं म्हणजे खडक अचानक आडवा आला. तिसरं म्हणजे खडकाला मागचा दिवा नव्हता. महाराजांनी तिसरं मंजूर केलं, कारण दुसऱ्यात महाराजांना खडक चुकवता आला नाही असा अर्थ निघत होता.

दुसऱ्या दिवशी तपासणी खात्याने खडकावर डिंकाने नोटीस चिकटवली. ‘आपण सार्वजनिक वाटेवर मागचा लाल दिवा न लावता उभे होतात. सात दिवसांत खुलासा करावा.’ खडकाने खुलासा केला नाही.

मग जप्ती खात्याचे दोन हत्ती आले आणि पुरावा म्हणून त्यांनी खडक ओढत महाराजांच्या गुहेत नेऊन ठेवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणी खात्याचा माणूस, म्हणजे घुबड, खुलासा आला का ते बघायला वाटेवर गेला. तिथे खडक नव्हता. ‘खडक फरार’ अशी नोंद त्याने केली. नोंद खरीच होती. जप्ती खात्याची वही तपासणी खात्याने बघायची पद्धत त्या रानात नव्हती, आणि तशी परवानगी मागायचा अर्ज अजून छापून आला नव्हता.

इकडे गुहेत महाराजांना तो खडक वरून सपाट आणि उन्हाळ्यात गार लागतो असं आढळून आलं. ते त्यावर बसू लागले. महाराज ज्यावर बसतात त्याला सिंहासन म्हणायचं असं ठरलं. फरार खडकाचा शोध जारी राहिला.

या प्रकरणातून कायदा जन्माला आला. महाराजांनी सभा घेतली. नाकाला हळद लावली होती.

“माझ्या प्रिय रानवासीयांनो,” महाराज म्हणाले, “आजवरच्या राजांनी तुम्हाला अंधारात ठेवलं. मीही ठेवणार आहे, पण दिवा लावून!”

टाळ्या पडल्या. ससा उभा राहून टाळ्या वाजवत होता.

“दिवा लावा!” कोल्हा ओरडला.

“रान वाचवा!” सगळे ओरडले. रानाला नेमकं काय झालं होतं हे कुणी विचारलं नाही.

कायदा असा होता. प्रत्येक वाहनाने पुढे दोन दिवे लावावेत, म्हणजे काजवे. मागे एक लाल दिवा लावावा, म्हणजे शेपटीला गुंज. शेपटी विनाकारण हलवू नये, हलवल्यास वळायचं आहे असं समजलं जाईल. आता वाहन म्हणजे काय, तर ज्याच्यावर कुणी बसतं ते वाहन. माकडिणीच्या पोटाला लटकलेलं पिल्लू हे बसलेलं की लटकलेलं, यावर समिती नेमली. दिवे अंधारात लावायचे होते, आणि कलम चार असं होतं, ‘अंधार म्हणजे तपासनिसास जो वाटेल तो.’

काजवे पुरवायचं काम प्रधानजींच्या मेहुण्याला मिळालं. त्याच्या निविदेखेरीज दुसरी निविदाच आली नव्हती, कारण जाहिरात मेहुण्याच्या बिळात लावली होती.

दिव्यांचा तपासनीस म्हणून त्याच घुबडाची नेमणूक झाली. ज्याला रात्री दिसतं असं तेवढं एकच जनावर पात्र होतं, आणि या नेमणुकीबद्दल सरकारचं कौतुक झालं. फक्त कचेरीची वेळ सूर्योदय ते सूर्यास्त अशी होती. घुबडाने आपली अडचण लेखी कळवली. उत्तर आलं की वेळ सर्वांना सारखी आहे, सवलत दिली तर उद्या वटवाघळंही मागतील. घुबड प्रामाणिक होतं, बदलीला भिणारं होतं, आणि त्याला तीन पिल्लं होती. ते रोज सकाळी वाटेवर येऊन डोळे ताणून उभं राहू लागलं.

त्या रानात हौसाक्का नावाची एक म्हैस होती. अंगाने दांडगी, रंगाने कोळसा, स्वभावाने गरीब. तिला आयुष्यात एकच गोष्ट लागायची. दुपारी डोहाच्या चिखलात नाकापर्यंत बुडून बसायचं. म्हशीला ते लागतंच, कारण तिच्या कातडीला ऊन सोसत नाही. जाता-येता ती वाटेवरच्या त्या काळ्या खडकाला पाठ घासायची. खडक फरार झाल्यावर तिलाच तेवढं खरं वाईट वाटलं होतं. तिच्या पाठीवर शुभ्रकांत नावाचा बगळा बसायचा. सहा वर्षं बसत होता. तो तिच्या पाठीवरच्या गोचिड्या खायचा आणि तिला जगाच्या बातम्या सांगायचा. कायदा आला तशी हौसाक्का वाहन झाली. तिने रांगेत उभं राहून दोन काजवे शिंगांवर बसवून घेतले आणि शेपटीला गुंज लावली.

वैशाखातल्या एका भर दुपारी ती डोहाकडे निघाली, तेव्हा वाटेत घुबड उभं होतं. त्याचं तोंड एका पांगाऱ्याच्या खोडाकडे होतं.

“थांबा!” घुबड खोडाला म्हणालं. “दिवे लावलेत का?”

“लावल्यात की,” हौसाक्का म्हणाली. “हितं हाय मी. हिकडं बघा.”

घुबडाने मान फिरवली, डोळे बारीक केले, मोठे केले. “दिसत नाहीत.”

“आवं, भर दुपार हाय. उन्हात काजवा दिसंल व्हय?”

“दुपार आहे?” घुबडाने खरोखरच नवल वाटून विचारलं. “मला तर काळोख दिसतोय. आणि कलम चारप्रमाणे मला वाटतो तो अंधार. अंधारात दिवा दिसला नाही. मला लिहावं लागेल, अक्का.”

बगळा पाठीवरून उडून फांदीवर गेला. “मी उतरलो आहे,” तो वरून म्हणाला. “आता हिच्यावर कुणी बसलेलं नाही. सबब ही वाहन नाही.”

घुबडाने कान टवकारले. “गुणगुण ऐकू येतेय. माशा बसल्यात. किती आहेत?”

“मोजल्या न्हाईत,” हौसाक्का म्हणाली.

“मग जादा प्रवासीही लिहितो.”

दिवा दुरुस्त झाल्याचा दाखला आणेपर्यंत हौसाक्काला डोहाची वाट बंद झाली. वाहन जिथे अडवलं तिथेच उभं ठेवायचा नियम होता. म्हणून ती त्या पांगाऱ्याखाली उभी राहिली. पांगाऱ्याला त्या दिवसांत एक पान नव्हतं. पायाशी एका झिऱ्यात पिण्यापुरतं पाणी होतं. लोळण्यापुरतं मात्र फक्त डोहात होतं, आणि डोह तिथून दिसत होता. ते सगळ्यात वाईट होतं.

दाखल्यासाठी बगळा प्रधानजींच्या मेहुण्याकडे गेला. मेहुण्याने दुरुस्ती केंद्रही उघडलं होतं.

“हौसाक्काचे दिवे?” मेहुणा म्हणाला. “उत्तम आहेत ते! मीच दिलेत. त्यांना काय धाड भरलीय?”

“मग तसा दाखला द्या.”

“दाखला दुरुस्तीचा असतो. जो दिवा बिघडलाच नाही त्याची दुरुस्ती कशी करू? आधी बिघडवून आणा.”

“दिवा मुद्दाम बिघडवणं हा तर वेगळा गुन्हा आहे,” बगळा म्हणाला.

“म्हणून तर केंद्रात गर्दी नाही,” मेहुणा म्हणाला आणि त्याने जांभई दिली.

बगळ्याने मग अपील केलं. वडाच्या तीन पानांवर, तीन प्रतींत. सातव्या रकान्यात ‘त्या वेळी दिवा चालू होता याचा पुरावा जोडावा’ असं होतं. बगळ्याने बराच विचार करून तिथे ‘काजव्यांना विचारावे’ असं लिहिलं.

दिवस जात राहिले. ऊन पेटलं होतं. हौसाक्काची पाठ आधी सुकली, मग पांढरी पडली, मग तिला भेगा पडल्या. झिऱ्यातलं पाणी तिला प्यायलाच जेमतेम पुरायचं, म्हणून बगळा डोहावर जाऊन चोचीत मावेल तेवढं पाणी आणायचा आणि तिच्या पाठीवर सोडायचा. पुढची चोच भरून येईपर्यंत आधीचं सुकलेलं असायचं. दिवसाला तो साठ खेपा मारायचा. सहाव्या दिवशी त्याने बातम्या सांगणं बंद केलं, कारण घशाला कोरड पडायची.

“नगं रं दमूस एवढा,” हौसाक्का म्हणायची.

“मी बसलो म्हणूनच तू वाहन झालीस, अक्का,” तो म्हणायचा. त्याला खरंच रडू यायचं, पण तेवढंही पाणी तो वाया घालवत नव्हता.

नवव्या दिवशी सुनावणीचं बोलावणं आलं. समक्ष हजर राहावे. चालायला बंदी होती, त्यामुळे जप्ती खात्याचे तेच दोन हत्ती आले आणि तिला ढकलत ढकलत महाराजांच्या गुहेत घेऊन गेले. गुहा टेकडावर होती. तिच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली डोह दिसायचा. हौसाक्काने मान वळवून तो पाहून घेतला.

आत गडद अंधार होता. महाराज सिंहासनावर होते. प्रधान कोल्हा शेजारी. दरबारी जनावरं दाटीवाटीने बसली होती, कोण कुणाच्या पायावर ते कळत नव्हतं. अंधार पाहून हौसाक्काच्या शिंगांवरचे काजवे जागे झाले. त्यांना वाटलं रात्र झाली, पाळी सुरू झाली. दोघेही लुकलुकू लागले.

घुबडाने साक्षीसाठी मान वर केली आणि त्याचे डोळे पुऱ्यांसारखे टम्म फुगले.

“दिसतोय!” ते किंचाळलं. “दोन आहेत! हिरवट आहेत, पण आहेत! महाराज, नोकरीत पहिल्यांदाच मला काहीतरी दिसलं!”

“आज दिसले,” कोल्हा शांतपणे म्हणाला. “गुन्हा त्या दिवशीच्या दिव्यांचा आहे. अपीलकर्त्याने त्या दिवशीचा उजेड दरबारापुढे ठेवावा.”

“गेलेला उजेड आणायचा कुठून?” बगळ्याने विचारलं.

“ते अपीलकर्त्याने ठरवायचं. सरकार कुणाच्या खाजगी बाबीत पडत नाही.”

दरबाराने मान डोलावली. कोल्ह्याने ‘अपील फेटाळले’ लिहायला घेतलं. बगळ्याकडचे मुद्दे संपले होते.

हौसाक्काचं लक्ष तिथे नव्हतं. नऊ दिवस चिखलात न बुडलेल्या पाठीला आता खाज सुटली होती. सोसेना तेव्हा ती दोन पावलं सरकली आणि समोर जे होतं त्याला पाठ लावून तिने कचाकचा घासली. एकदा घासली, दोनदा घासली आणि थबकली. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली एक खोबण लागत होती. ती खोबण तिने आणि तिच्या आईने घासून घासून पाडली होती.

“आत्ता गं बया!” हौसाक्का म्हणाली. “ह्यो तर माझा खडक हाय!”

सिंहासनावर महाराज गदागदा हलत होते. “दूर व्हा! हे सिंहासन आहे!”

“आसंल. पर वाटंवरचाच हाय. ही खोबण बघा की.”

घुबड जवळ आलं. अंधारात त्याला लख्ख दिसत होतं आणि इतक्या दिवसांनी दिसत असल्याने त्याला थांबवत नव्हतं. सिंहासनाच्या बाजूला एक सुकलेलं पान डिंकाने चिकटलेलं होतं. ते त्याने मोठ्याने वाचलं. “आपण सार्वजनिक वाटेवर मागचा लाल दिवा न लावता... हे तर माझंच अक्षर आहे!”



“तो खडक फरार आहे,” कोल्हा म्हणाला. “हे सिंहासन आहे. फरार खडकाची नोटीस सिंहासनाला चिकटली असेल, तर खडक जाता जाता ती इथे लावून गेला, एवढंच सिद्ध होतं.”

पण घुबड कामाला लागलं होतं. त्याने वही काढली. “सिंहासन तर सिंहासन,” ते लिहिता लिहिता म्हणालं. “ज्याच्यावर कुणी बसतं ते वाहन. महाराज बसलेत. अंधार आहे का? मला वाटतो, आहे. पुढे काजवे नाहीत. मागे गुंज नाही. मला लिहावं लागेल, महाराज. दाखला आणेपर्यंत वाहन बंद, आणि त्यावर कुणी बसायचं नाही.”

महाराज ताडकन उभे राहणार होते, पण उठलं तर पुन्हा बसता येईल का याची खात्री नव्हती. ते बसूनच गरजले.

“वाहन? हे वाहन? माझ्या प्रिय रानवासीयांनो, वाहन म्हणजे जे कुठेतरी जातं! मी सत्तेवर आल्यापासून हे तसूभर पुढे गेलेलं नाही! मीही गेलेलो नाही! आहे का कुणी माईचा लाल, जो म्हणेल की माझ्या कारकिर्दीत काही पुढे गेलं?”

“नाही! नाही!” दरबार एका आवाजात म्हणाला. सशाला हुंदका आला.

“मग जे जागचं हलत नाही ते वाहन नव्हे!” महाराज म्हणाले. “लिहा!”

कोल्ह्याने तिथल्या तिथे दुरुस्ती लिहिली. ‘जे जागचे हलत नाही ते वाहन नव्हे. हलले की नाही हे तपासनिसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवावे.’ महाराजांनी पंजा उमटवला. टाळ्यांनी गुहा दणाणली.

टाळ्या थांबल्यावर हौसाक्का म्हणाली, “म्हाराज, म्या बी नऊ दिस जागची हलले न्हाई. हितं बी ह्या दोघांनी ढकलत आनलंय. मग म्या तरी कशापायी वाहन?”

बगळ्याने तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षं तिच्या पाठीवर बसून तो तिला शहाणपण सांगत होता.

महाराजांनी कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्ह्याने छताकडे पाहिलं. तिला नाही म्हणावं, तर सिंहासन पुन्हा वाहन होत होतं.

“निर्दोष,” कोल्हा शेवटी म्हणाला, आणि मग त्याला जरा हसू आलं. “जोवर हलत नाही, तोवर. तपासनीस, हिला बाहेर नेऊन उभी करा आणि नजर ठेवा. एक पाऊल उचललं की वाहन.”

हत्तींनी तिला बाहेर ढकललं आणि ते जेवायला गेले. बाहेर बाराचं ऊन होतं. खाली डोह होता, त्याच्या काठचा चिखल चमकत होता. घुबड तिच्या समोर येऊन उभं राहिलं आणि नेमाने डोळे ताणून पाहू लागलं.

हौसाक्काने एक पाऊल उचललं. बगळ्याने डोळे मिटून घेतले.

“काय वो, हलले का मी?” तिने विचारलं.

“दिसलं नाही,” घुबड म्हणालं.

ती दहा पावलं गेली. “आता?”

“नाही. आवाज जरा लांबून येतोय,” घुबड म्हणालं, “पण नवीन दुरुस्तीत आवाजाचं काही नाही. डोळ्यांनी पाहून ठरवायचंय.” आणि अधिक नीट पाहता यावं म्हणून त्याने आपली मान सावकाश पाठीमागे, डोंगराच्या बाजूला, पूर्ण फिरवली. घुबडाला ती तशी फिरवता येते.

मग हौसाक्का धावली. म्हैस धावते तशीच, पोट एकीकडे, पाय दुसरीकडे, शेपटीवरची गुंज उडून कुठे पडली ते कळलं नाही. उतारावरून ती जी सुटली ती थेट डोहात. चिखलाचं कारंजं टेकडापर्यंत उडालं आणि घुबडाच्या वहीवर शिंतोडे आले. नाकापर्यंत बुडाल्यावर तिने असा एक उसासा सोडला की डोहातले बेडूक काठावर गेले. बगळा तिच्या डोक्यावर बसून ढसाढसा रडला. आता पाणी वाया घालवायला हरकत नव्हती.

वहीत घुबडाने लिहिलं, ‘काहीही हलताना आढळले नाही.’ नोंद खरीच होती.

ही गोष्ट रानात पसरायला दोन दिवस लागले. मग सगळी जनावरं भर दुपारी फिरू लागली. हरणं चरायला जायची, माकडं आंबे आणायची, रानडुकरं सहकुटुंब फिरायला निघायची, आणि घुबड वाटेच्या मधोमध उभं राहून प्रामाणिकपणे काहीही न दिसल्याची नोंद करायचं. वर्षअखेरीस सरकारी अहवाल निघाला. त्या वर्षात रानात काहीही हललं नाही, म्हणून अपघात एकही झाला नाही. दिवे शंभर टक्के ठीक होते. शेजारच्या रानातून एक शिष्टमंडळ हे बघायला आलं आणि भारावून परत गेलं.

निवडणूक जवळ आली तशी महाराजांनी गुहेतूनच घोषणा दिली, “स्थिर सरकार, स्थिर रान!”

त्या दुपारी हौसाक्का डोहात होती आणि शुभ्रकांत नेहमीप्रमाणे बातम्या सांगत होता.

“आणि महाराजांनी आश्वासन दिलंय,” तो म्हणाला, “पुन्हा निवडून दिलंत तर त्या फरार खडकाला पाताळातूनही शोधून काढू. म्हणाले, आम्ही कुठेही शोधायचं बाकी ठेवलेलं नाही.”

“एकदा उठून बुडाखाली बघा म्हणावं,” हौसाक्का म्हणाली.

“उठणं तेवढं सोडून सगळं करून झालंय म्हणे, अक्का.”